आठ ठेवल्या, सात मिळाल्या

मला प्लास्टिकच्या विटांची भीती वाटते. माझ्या वयाच्या बाईनं हे लिहिलं तर लोक हसतील, हसू देत. सापाला मी भीत नाही. शिरूरला रोपवाटिकेत उभं आयुष्य काढलं, कुंड्यांखाली किती निघाले त्याची मोजदाद नाही, काठीनं बाजूला केले आणि पुढच्या कुंडीला हात घातला. विंचू दोनदा चावला. पण परवा नातू सुट्टीला आला, त्यानं पिशवी उलटी करून रंगीत विटांचा ढीग फरशीवर ओतला, आणि तो खळखळाट ऐकून माझ्या हातातलं ताट निसटलं. दोन तास खपून त्यानं एक विमान केलं. मग म्हणाला, "आजी, हे परत कधीच सुटलं नाही पाहिजे. कुठला गोंद लावू?" सुनेनं फोनमध्ये बघून चार नावं सांगितली, प्रत्येकाचे गुणदोष वाचून दाखवले. मी गुडघ्यांवर बसले आणि उरलेल्या विटा मोजायला लागले. सून म्हणाली, "अहो आई, राहू द्या, मी भरते." तिला वाटलं मी पसारा आवरतेय. तेव्हाच ठरवलं की हे एकदाचं लिहून टाकायचं.

आमचं घर इनामगावच्या अलीकडं, घोड नदीच्या काठाला. तीन खोल्या, वर पत्रा, पुढं शेणानं सारवलेली ओसरी आणि ओसरीच्या टोकाला गुडघ्याएवढा दगडी कट्टा. दिवसभर विहिरीवरच्या मोटरीची घरघर ऐकू यायची. ती चालू असली की घरातली माणसं मोठ्यानं बोलायची, आणि वीज गेली की सगळे एकदम गप्प होऊन एकमेकांकडं बघायचे. नाना, म्हणजे माझे वडील, गवार, वांगी आणि शेवंती करायचे. पाटानं पाणी देऊन कंटाळले होते, म्हणून त्या वर्षी त्यांनी करड्या रंगाचे प्लास्टिकचे पाइप आणले होते आणि पोरीच्या लग्नात मिरवावं तसे शिवारभर मिरवत होते. पाइप जोडायचं सोल्युशन एका पत्र्याच्या डब्यात असायचं. तो डबा मोटरीच्या खोलीत उंच फळीवर ठेवलेला, आणि त्याला हात लावायचा नाही हे मला नानांनी एकदाच सांगितलं होतं. आईच्या हातची हुलग्याची शेंगोळी मी अजून कुणाच्या घरी तशी खाल्ली नाही. लसणाचा वास ओसरीवर आला की मोटरीची घरघरसुद्धा चांगली वाटायची.

आई मात्र सदा धास्तावलेली. माझ्या पाठीवर तिला दोन मुलं झाली, आणि दोन्ही वर्षाच्या आत गेली. तिसरा झाला तेव्हा त्याचं नाव दगडू ठेवलं. असं नाव ठेवलं की मरणाला वाटतं, दगड नेऊन करायचंय काय. नाक टोचलं, कमरेला काळा करदोडा बांधला, गालाला रोज तीट लावली, आणि एवढं करूनही आई झोपलेल्या दगडूच्या नाकाशी दिवसातून दहादा बोट धरून बघायची. त्यात शेजारच्या हौसाबाईची भर. टेकाडावर जुन्या लोकांच्या वस्तीचं उत्खनन चाललं होतं, तिथं ती पाट्या वाहायला जायची, आणि संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून काय काय निघालं ते सांगायची. खापरं, मणी, जळकी ज्वारी हे सगळं ठीक होतं. पण एकदा म्हणाली, "लेकरं निघाली आज. दोन रांजणं तोंडाला तोंड लावून ठिवल्याली, आन् आत एवढाली एवढाली हाडं. घराच्या भुईतच पुरायची म्हनं ती लोकं. आईला लांब पाठवायला नको वाटत आसंल." आई उठून आत गेली. मी बारा वर्षांची होते. त्या दिवसापासून मी आमच्या सारवलेल्या भुईवर पाय जपून टाकायला लागले.

विटांचा डबा आणला मामानं. मामा दौंडला रेल्वेत फिटर होता, कामानिमित्त मुंबईला गेला होता, तिथून माझ्यासाठी घेऊन आला. तांबड्या, पिवळ्या, पांढऱ्या, हिरव्या विटा, वर गोल बटणं, एकीवर एक दाबली की टच्च बसायच्या. आमच्या वस्तीवर असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. पोरी लांबून बघायच्या आणि मी हात लावू द्यायची नाही. तेवढी कंजूष मी तेव्हाही होते. सगळ्यात बारक्या विटा हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या, एकच बटण असलेल्या. त्यांचे मी घरापुढं दिवे करायची.

पंधरा दिवस सुखात गेले. मग एका दुपारी दगडूनं त्यातली एक तोंडात घातली. तो दोन वर्षांचाही नव्हता, आणि जे दिसेल ते तोंडात घालायचा. माती, खडू, कणकेचा कच्चा गोळा तर त्याचा जीव की प्राण. मी त्याला सांभाळत होते, म्हणजे त्याच्याकडं पाठ करून भिंत रचत होते. त्याचा आवाजच बंद झाला. आई आतून कशी आली मला कळलं नाही, पोर पायाला धरून उलटं केलं, पाठीत दोन थापा मारल्या, घशात बोट घातलं, आणि लाळेनं बरबटलेली वीट भुईवर पडली. मग तो रडला. मग आई रडली. मग ती मला म्हणाली, "उचल तुझ्या ह्या विटा आन् हिरीत टाकून यी. आत्ताच्या आत्ता."

मी डबा पोटाशी धरून बसले. नाना शेतातून आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि म्हणाले, "टाकायच्या कशाला? चिटकवून टाक सगळ्या. एकच घर कर. आख्खं घर काय त्याच्या तोंडात मावतंय व्हय?" आई म्हणाली, "चार दिस. पान्यात सुटता कामा न्हाई, पडून फुटता कामा न्हाई, त्यानं चोखली तरी निघता कामा न्हाई. एक जरी सुटी घावली तर सगळ्या हिरीत." आई बोलली की ते करायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

घरात चिकटवायच्या वस्तू चार. कणकेची खळ, जिच्यानं आम्ही वह्यांना कागद लावायचो. बांधावरच्या बाभळीचा डिंक. नानांच्या सायकलचं पंक्चरचं सोल्युशन. आणि पाइपाचं सोल्युशन, जे फळीवर होतं. नानांनी त्यातलं थोडंसं काडीवर मला दिलं. मी हुशार मुलगी होते. शाळेत बाई तसं म्हणायच्या आणि मला ते खरं वाटायचं. म्हणून मी ठरवलं की आधी परीक्षा घ्यायची. प्रत्येक गोंदानं एकेक जोडी चिकटवली, म्हणजे चार जोड्या, आठ विटा. मोठ्या विटा घरासाठी राखायच्या म्हणून परीक्षेला बारक्याच घेतल्या. दगडू चोखतो तेव्हा वीट ओली होणार, म्हणून जर्मलच्या ताटलीत पाणी घेतलं, त्यात चारही जोड्या ठेवल्या, आणि ताटली ओसरीच्या कट्ट्यावर ठेवून झोपायला गेले. तो कट्टा गुडघ्याएवढा होता हे वर लिहिलंच आहे. माझा गुडघा, म्हणजे दगडूची छाती.

सकाळी आईनं मसाल्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या. ज्यांच्या घरी हे होतं त्यांना वेगळं सांगायला नको; घर, गोठा, शेजार, सगळ्यांना ठसका लागतो. मी नाक धरून मोटरीच्या खोलीकडं पळाले, तिथं नाना पाइप जोडत होते. त्यांनी मला रीत दाखवली. "आधी कोरड्या फडक्यानं पूस. मंग दोन्ही अंगांना पातळ लाव. जास्ती लावलं की प्लास्टिकच खातंय ते. दाब, आन् तीस म्हनस्तवर हात काढू नगं. आन् एक दिस पानी सोडायचं न्हाई." मी बोटाला लागलेलं सोल्युशन पुसत परत आले तेव्हा दगडू अंगणात होता, आई पदरानं त्याचं नाक पुसत होती, आणि तो खोकून खोकून लाल झाला होता. आईही खोकत होती. मलाही ठसका लागला. त्या सकाळी आमच्या घरात न खोकणारं कुणीच नव्हतं.

मी ताटलीपाशी गेले. डिंकाची जोडी बोट लावताच घसरून वेगळी झाली. पंक्चरच्या सोल्युशननं धरलं होतं, पण नखानं ओढल्यावर ते सालीसारखं निघून आलं. पाइपाच्या सोल्युशनची जोडी मी दातांनी ओढली, सुरीचं टोक घातलं, सुरी वाकली. खळीच्या जोडीतली पिवळी वीट तळाशी होती, भोवती गढूळ पाणी. हिरवी नव्हती. मी मोजलं. आठ ठेवल्या होत्या, सात होत्या. कट्ट्याखाली बघितलं, ओसरी झाडली, कोंबड्या हाकलून त्यांनी उकरलेली माती चाळली. मग आईनं विचारलं, "काय शोधतीस गं?" आणि मी म्हणाले, "काय न्हाई."

ते दोन शब्द मी अजून ऐकते. कारण तेव्हा माझ्या मनात दगडू आलाच नाही असं नाही. आला होता. क्षणभर त्याच्या लाल तोंडाकडं बघितलं, आणि लगेच दुसरीकडं बघितलं. एक जरी सुटी घावली तर सगळ्या हिरीत. डब्यातल्या बाकीच्या विटा मी निवडायला सुपात ओतल्या होत्या, त्यांत सातही मिसळल्या, आणि स्वतःला सांगितलं की आठवीही सुपातच कुठं तरी असेल, चिकटवताना माझ्याकडून मुळात सातच ठेवल्या गेल्या असतील. बारा वर्षांच्या हुशार मुलीला खोटं बोलायला दुसरं माणूस लागत नाही.

घर मी लिंबाखाली बसून केलं. त्या वासानं डोकं गरगरायचं, मग उठून हौदापर्यंत जाऊन यायची. फडक्यानं पुसायचं, काडीनं पातळ लावायचं, दाबायचं, तीस म्हणायचं. तांबड्या भिंती, पांढरं छप्पर, पुढं ओसरी, ओसरीला कट्टासुद्धा. शेवटची छपराची ओळ बसवली, एक दिवस उन्हात ठेवलं, आणि उचलून बघितलं तर आत काहीतरी खुळखुळलं. मला एवढा आनंद झाला की मी एकटीच हसले. बघ, आतच आहे! भिंती रचताना सुपातली हिरवी आत पडली. सापडली. आईनं घर हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि ओसरीवरून अंगणात भिरकावलं. ते आपटलं, दोनदा उसळलं, आणि एकही वीट सुटली नाही. मग ते अर्धा दिवस हौदात ठेवलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे." नाना माझ्याकडं बघून मिशीत हसले. खुळखुळ्यासारखा वाजतोय म्हणून दगडूलाही ते घर आवडलं.

त्याचा खोकला मात्र थांबला नाही. मिरच्यांचा म्हणता म्हणता चार दिवस झाले. आईनं ओव्याची पुरचुंडी शेकली, लसणाचं तेल छातीला चोळलं, तुळशीचा रस मधातून दिला, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. ताप आला, गेला, परत आला. आणि त्याच्या छातीतून एक शिट्टी यायला लागली, बारीक, श्वास सोडताना, लांबून गाडी यावी तशी. मी त्याच्या शेजारी निजायची. उजव्या बाजूला कान लावला की शिट्टी यायची, डाव्या बाजूला नाही. हे मला आईच्या आधी कळलं होतं. मग मी उठून फडताळातलं घर हलवायची. खुळखुळ. आहे, आत आहे. हौसाबाई एकदा डोकावून गेली, पोराच्या कपाळाला हात लावला आणि काहीच बोलली नाही. ती बडबडी बाई गप्प राहिली तेव्हा मला रांजणं दिसली.

सहाव्या दिवशी आई म्हणाली, "दौंडला नेते दादाकडं. तिथं डॉक्टर चांगला हाय." नानांची पाण्याची पाळी होती, ते मागं राहिले. एसटीत आई खिडकीशी दगडूला घेऊन बसली आणि मी तिच्या शेजारी मांडीवर घर घेऊन. मामाला दाखवायचं म्हणून आणलं होतं, असं मी सांगितलं. खरं म्हणजे ते सोडून मला राहवत नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला घर खुळखुळायचं आणि माझा जीव भांड्यात पडायचा. दोन खड्ड्यांच्या मध्ये दगडूची शिट्टी ऐकू यायची. अख्ख्या रस्त्यानं मी खड्ड्यांची वाट बघत गेले.

मामा आम्हाला डॉक्टरांकडं घेऊन गेला; ते उतारवयाचे, हळू बोलणारे होते. त्यांनी नळी लावून डाव्या बाजूला ऐकलं, उजव्या बाजूला ऐकलं, परत डाव्या बाजूला ऐकलं. फोटो काढायला पाठवलं. फोटो उजेडाला धरून म्हणाले, "यात तर काही दिसत नाही. पण बाई, एक नीट आठवून सांगा. यानं काही गिळलंय का? शेंगदाणा, चिंचोका, बटण? फोटोत नाणं दिसतं, खिळा दिसतो. शेंगदाणा दिसत नाही, प्लास्टिक दिसत नाही. म्हणून विचारतोय. तसं काही असेल तर पुण्याला नेऊन नळी घालून बघावं लागेल. नसेल तर लेकराला उगाच तो त्रास नको."

आई म्हणाली, "न्हाई डॉक्टर. आठ दिसामागं एकदा घातली व्हती तोंडात, ती मीच काढली. तवापासनं सगळ्या विटा चिटकवून टाकल्यात. हिनंच चिटकवल्यात. एक सुटी न्हाई. व्हय ना गं सुमन?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मामानं बघितलं. माझ्या मांडीवर ते घर होतं. मी मान हलवली.

आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या. काहींना कारण होतं, काही मूर्खपणानं झाल्या, आणि बहुतेकांचं मला आता काही वाटत नाही. पण त्या मान हलवण्याची लाज मला आजही तशीच वाटते. मला माहीत होतं. अगदी खात्रीनं नाही, पण सांगण्याएवढं माहीत होतं.

डॉक्टरांनी औषध दिलं, आणि पोराचा श्वास वाढला तर तडक या म्हणून सांगितलं. मामाच्या क्वार्टरवर आलो. मामीनं बाजरीची भाकरी आणि मुगाची आमटी केली होती. दुपारी दगडूला खोकल्याची मोठी उबळ आली. तो खोकत राहिला, खोकत राहिला, आणि त्याचे ओठ जांभळे झाले. पिकत आलेल्या जांभळाचा असतो तसला रंग. आईनं त्याला उभं धरलं, मामी वारा घालायला लागली, थोड्या वेळानं रंग परत आला. आई भिंतीला टेकून म्हणाली, "दादा, हा बी जातोय रे." मोठ्यानं नाही. पाणी मागावं तशी म्हणाली.

मी घर उचलून मागच्या पडवीत गेले. मामाची हत्यारांची पेटी तिथंच असायची. आधी छप्पर ओढून बघितलं, मग पेचकस घालून उचकटायला गेले. चार दिवसांपूर्वी ज्या जोडाचा मला एवढा अभिमान वाटला होता तो केसभर हलला नाही. जोड तसेच राहिले आणि विटांचे टवके उडाले. मग मी लोखंड कापायची करवत काढली, घर पायाखाली धरलं आणि छप्पर मधोमध कापायला लागले. तांबडा-पांढरा भुसा पडत होता. करवत दोनदा बोटाला लागली. देवाला म्हणत होते, हिरवी निघू दे, एवढी हिरवी निघू दे. छप्पर दुभंगलं आणि आतलं घरंगळून माझ्या तळहातावर आलं. वाळलेल्या सोल्युशनचा गोळा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा, मधासारखा पिवळट. जास्ती लावलेलं कुठं तरी ओघळून वाळलं होतं. बाकी घर रिकामं होतं.

मी बाहेरच्या खोलीत गेले. तळहात पुढं केला, त्यावर तो गोळा आणि माझ्याच बोटाचं रक्त. म्हणाले, "आई, आठ ठेवल्या व्हत्या, सात मिळाल्या. हिरवी न्हाई मिळाली. खळीनं चिटकवल्याली व्हती. मला वाटलं घराच्या आत हाय. आत न्हाई." आणि मग मला कळलं, बोलता बोलता, की मी चार गोंदांतून एक निवडला होता आणि दगडूनंही निवडला होता. त्याला कणीक आवडायची.

आईनं मला मारलं नाही. ती माझ्याकडं नीट बघायलाही थांबली नाही. दगडूला खांद्यावर टाकलं, पायात चप्पल नाही, आणि मामा तिच्या मागं धावला. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, आणि मिळाली त्या गाडीनं ते पुण्याला गेले. हे सगळं मला मामीनं सांगितलं. मी पडवीतच बसून राहिले होते. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये दिवसाला किती शिट्ट्या ऐकू येतात हे तिथं राहिलेल्यालाच ठाऊक. प्रत्येक शिट्टीला मला वाटायचं की दगडूचा श्वास सुटतोय, आणि ती थांबली की वाटायचं, संपला. मामीनं माझ्या बोटाला हळद लावून चिंधी बांधली. मी तिला विचारलं, "मामी, त्याला पुरतील का?" तिनं पाठीत धपाटा घातला आणि मग जवळ घेतलं. त्या दिवसांतला तो एकच मार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आला. पॅसेंजरमधून उतरून सरळ घरी, तोंड काळवंडलेलं. दारातच खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. उघडली. हिरवी वीट, हरभऱ्याएवढी, बटण वर. मामा म्हणाला, "उजव्या फुप्फुसाच्या नळीत व्हती. अजून दोन दिस गेलं असतं तर कठीण हुतं म्हनले. आता झोपलाय. शिट्टी न्हाई वाजत." मला उभ्याउभ्याच चड्डीत लघवी झाली. बारा वर्षांच्या मुलीला हे लिहायला लाज वाटली असती, मला आता वाटत नाही.

दहा दिवसांनी आम्ही सगळे घोड नदीच्या काठी परत आलो. दगडू पूर्वीपेक्षा जास्त खायचा आणि पूर्वीएवढीच माती खायचा. आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. पाणी आण, भाकरी उलट. मी विटांचं कापलेलं घर आणि ती पुडी उशाखाली ठेवून निजायची, आणि कधी एकदा विहिरीत टाकायला सांगते याची वाट बघायची. सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. एके सकाळी तिनं शेंगोळी केली, मला वाढली, समोर बसली आणि म्हणाली, "डॉक्टरापुढं मान हालवलीस. का?"

"भ्या वाटलं."

"कशाचं?"

"तू विटा टाकून देशील म्हणून."

बोलले आणि ऐकू आलं की मी काय बोलले. विटांसाठी. आईनं ताटातल्या शेंगोळीकडं बघितलं. मला वाटलं, आता ती उठेल आणि परत कधी माझ्याशी बोलणार नाही. ती उठली. माझ्या उशाखालून घर आणि पुडी घेऊन आली, आणि नानांना हाक मारली, "अवं, तुमचा तो पाइपाचा डबा आणा हिकडं." नाना डबा घेऊन आले. आईनं पुडी सोडली, हिरवी वीट दोन बोटांत धरून उजेडात बघितली, पदरानं पुसली, आणि कापलेल्या घराच्या आत टाकली. नानांनी दोन्ही अंगांना पातळ सोल्युशन लावलं, छपराचे दोन तुकडे जुळवले. आईनं वरून तळहात दाबला. तीस म्हणेपर्यंत तिनं तो काढला नाही. ओठ हलताना मला दिसत होते.

मग तिनं घर माझ्या कानाशी धरून हलवलं. "आत हाय म्हनली व्हतीस ना? घे. आता हाय आत. आता ते खोटं न्हाई राह्यलं." आणि ताटाकडं बोट दाखवून म्हणाली, "खा. गार झाली. आन् परत कवा भ्या वाटलं तर पयलं मला सांग, मंग मान हालव."

आई गेली त्याला बरीच वर्षं झाली, नानाही गेले. दगडू दौंडला असतो, ढोल्या झालाय, आणि दिवाळीला आला की एवढा घोरतो की मी दुसऱ्या खोलीत निजते, पण दार उघडं ठेवते. परवा नातवाला मी पाइपाचं सोल्युशन सांगितलं, पातळ लावायची रीत सांगितली, आणि लावायच्या आधी व नंतर विटा मोजायला लावल्या. तो कंटाळला, पण मोजल्या त्यानं. मग मी कपाटातून ते घर काढून त्याच्या हातात दिलं. छपरावरच्या वाकड्या जोडावरून त्यानं बोट फिरवलं, घर कानाशी नेऊन हलवलं आणि विचारलं, "आजी, आत काय आहे?"

"आठवी," मी म्हणाले.